गायरानातले तंबू आणि पालं : ग्रामपंचायत कुणाला, कशी उठवू शकते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धरणाच्या कडेचं गाव, काठाला गायरान, म्हणजे गावाच्या गुरांना चरायची जमीन. शनिवार-रविवारी तीस-चाळीस तंबू पडतात, शेकोट्या पेटतात, रात्री दोनपर्यंत स्पीकर चालतो आणि सोमवारी गुराखी पोरं बाटल्या वेचत बसतात. त्याच माळाच्या वरच्या अंगाला दिवाळीपासून आठ-नऊ पालं, म्हणजे हिंडत्या कुटुंबांच्या कापडी झोपड्या आहेत, ती माणसं कुठली हे गावाला नीट ठाऊक नाही. ग्रामसभेने ठराव केला: तंबूमागे पाचशे रुपये दंड घ्यायचा आणि पालं आठ दिवसांत उठवायची. तुम्ही पहिल्यांदाच सदस्य झालात, ठरावावर तुमची सही आहे, आणि आता विचारताय की हे कुठल्या कलमात बसतं.

मी ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या अनुभवावरून सरळ सांगतो: ठराव जसा लिहिलाय तसा टिकणार नाही. दंडाचा भाग तर पहिल्या तक्रारीला कोसळेल. पालांच्या भागात त्याहून मोठी भानगड होऊ शकते, आणि ती सरपंचांच्या बरोबरीने तुमच्याही अंगावर येईल. पण पंचायतीच्या हातात काहीच नाही असंही समजू नका. हातात आहे ते वापरायला कागद लागतात, आणि ते जमवायचा कंटाळा येतो म्हणून गावं सहसा ट्रॅक्टर काढतात.

कलम शेवटी बघू. आधी जमीन कुणाची ते बघा.

"गायरान म्हणजे पंचायतीचं" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय, खुर्चीत बसलेल्या सरपंचांकडूनही. त्या गटाचा डिजिटल सहीचा सातबारा काढा, पंधरा रुपये लागतात. बहुतेक ठिकाणी कब्जेदाराच्या रकान्यात 'महाराष्ट्र शासन' आणि इतर हक्कात 'गुरचरण' असं दिसेल. म्हणजे जमीन सरकारची, उपयोग गावाच्या गुरांसाठी. काही गावांत ती शासनाने रीतसर पंचायतीकडे निहित केलेली, म्हणजे सोपवलेली असते. तसं असेल तर त्याचा आदेश आणि फेरफार, म्हणजे बदलाची नोंद असते, ती मागा. ग्रामसभेच्या आठवणीवर जाऊ नका.

तुमच्या गावाला आणखी एक भानगड आहे, धरणाची. धरणासाठी संपादन झालं तेव्हा पूर्ण संचय पातळीपर्यंतची, म्हणजे धरण भरल्यावर पाणी पोचतं तिथपर्यंतची, आणि काही ठिकाणी त्याच्याही वरची जमीन पाटबंधारे खात्याकडे गेली. हद्दीचे दगड आजही कुठे कुठे शाबूत असतात. पाणी उतरायला लागलं की खालची जमीन उघडी पडते, तीच गाळपेर. ती प्रकल्पग्रस्तांना हंगामी कसायला देतात. आता तुमचे पर्यटक बघा. त्यांना तंबू पाण्याच्या काठाला हवा असतो. नोव्हेंबरात काठ गायरानाला टेकलेला असतो, तेव्हा तंबू गायरानात. एप्रिलपर्यंत पाणी खाली जातं, तंबूही त्याच्या मागे खाली जातात, आणि तुम्ही गायरानाच्या नावाने केलेला ठराव वर माळावर एकटाच उरतो. खाली हुकूम पाटबंधारे खात्याचा. कुणाच्या गाळपेरीच्या पट्ट्यात तंबू असेल तर त्या शेतकऱ्याचं म्हणणं वेगळं. कदाचित त्यानेच दोनशे रुपये घेऊन जागा दिलेली असते.

आणि वरचा उतार राखीव वनात येत असेल तर तिथे भारतीय वन अधिनियम, १९२७ लागतो. विनापरवाना घुसणं, आग पेटवणं हे तिथे थेट गुन्हे आहेत, आणि कारवाई वनपालापासून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत वनखात्याची. अभयारण्य असेल तर आणखी कडक. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर मोकळं आकाश बघून तंबू ठोकणाऱ्या कित्येकांना आपण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहोत याची कल्पनाही नसते. तुमच्याकडे तसं नसावं, पण नकाशा बघितल्याशिवाय 'नसावं' या शब्दावर विसंबू नका. तलाठ्याला, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याला, सोबत घेऊन एकदा गटाची हद्द पायी फिरा. शंका राहिली तर भूमी अभिलेखकडे मोजणी टाका. पैसे जातात, वेळही जातो, पण पुढची सगळी इमारत याच पायावर उभी राहणार आहे.

आता कलम. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. गावातल्या रस्त्यावरचा, मोकळ्या जागेवरचा अडथळा किंवा अतिक्रमण काढायचा अधिकार त्यात पंचायतीला आहे, आणि तो गायरानापर्यंत, खाजगी नसलेल्या इतर जमिनीपर्यंतही पोचतो. लोक इथपर्यंत वाचतात आणि ट्रॅक्टर काढतात. पुढची अट अशी: जागा शासनाकडे निहित असेल तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यायची. त्यातला 'आधी' हा शब्द कधीतरी लाल शाईने अधोरेखित करून पंचायतीच्या भिंतीवर लावायला हवा. दुसरा मार्ग महसूल खात्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० आणि ५३ खाली सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण आणि अनधिकृत ताबा ते काढू शकतात, प्रत्यक्षात हे काम तहसीलदारांच्या पातळीवर होतं. गोंधळ टाळायला सांगतो, कलम ५३ दोन्ही कायद्यांत आहे आणि दोन्ही अतिक्रमणाशी संबंधित आहेत. अर्जात नुसतं 'कलम ५३ अन्वये' लिहू नका, कायद्याचं नाव लिहा. मी स्वतः असा अर्ज परत आलेला पाहिलाय, तीन आठवड्यांनी, 'कोणते?' एवढ्याच शेऱ्यासह.

पाचशे रुपये दंडाचं बोलू. दंड हा शब्द गावात सहज वापरतात, कोंडवाड्यात गुरं घातली की दंड, नळाला मोटर लावली की दंड. पण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मधली शिक्षा दोष सिद्ध झाल्यावरची आहे, म्हणजे प्रकरण न्यायालयात जायला हवं. तुमच्या शिपायाने माळावर फिरून, टॉर्च मारून, छापील पावतीवर पाचशे रुपये घेतले तर त्याला कायद्यात आधार नाही. तंबूत एखादा वकील निघाला की संपलं. आणि पावतीपुस्तक पंचायतीचं नसून कुणा मंडळाचं असेल तर त्याला खंडणी म्हणायलाही कुणी मागेपुढे बघणार नाही.

शुल्क मात्र घेता येतं, पण ते वेगळ्या वाटेने. याच अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला जे कर आणि फी बसवता येतात त्यांच्या यादीत सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेवर तात्पुरती उभारणी करण्याची, तात्पुरती जागा व्यापण्याची फी आहे. जत्रेतले पाळणेवाले, बाजारातले तंबूवाले याच घरात बसतात. १९६० च्या कर व फी नियमांप्रमाणे ठराव करायचा, तो जाहीर करायचा, हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मग अंमल. पण जागा तुमच्या अखत्यारीतली हवी. सरकारच्या गायरानावर पंचायतीने फी गोळा करणं म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात पार्किंगचे पैसे घेणं.

इथे एक सापळा आहे, तो नीट बघा. पावती हा पुरावा असतो. आज तुम्ही 'दंड' म्हणून दिलेली पावती दोन वर्षांनी कुणीतरी तहसीलदारांसमोर ठेवतो आणि म्हणतो, पंचायतीनेच मला इथे बसवलं, ही बघा रक्कम भरल्याची पावती. घरपट्टीच्या बाबतीत हे गावोगाव झालंय: अतिक्रमणातल्या घराला नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत घेतलं, कर वसूल केला, आणि मग तोच कर ताब्याचा पुरावा म्हणून फाईलला लागला. म्हणून गायरानात पैसे घेऊच नका, पाच रुपयेही नाही.

मग शनिवारचं काय करायचं? तंबूंना दुसरी जागा द्या. बहुतेक गावांना जत्रेचं मैदान असतं, गावठाणात पंचायतीची मोकळी जागा असते. तिथे पाणी, दोन संडास, कचऱ्याचे पिंप, आणि तंबूमागे ठरलेली फी. किती घ्यायची ते तुमच्या खर्चावर आहे. सफाईचा ट्रॅक्टर, रात्रीचा राखणदार आणि पिंपं यांचा हिशेब काढला की आकडा आपोआप निघतो. मी पाहिलेल्या एका गावात फी ठेवली फक्त शंभर रुपये, पण प्रत्येक तंबूच्या माणसाचं नाव आणि गाडीचा नंबर रजिस्टरला घ्यायला लागले. पैशांपेक्षा त्या रजिस्टरने जास्त काम केलं. नाव लिहून दिलेला माणूस बाटली फोडायला जरा कचरतो.

पर्यटक म्हणतील, आम्हाला पाणी दिसायला हवं. म्हणू द्या. काठाची जमीन पाटबंधारे खात्याची असेल तर उपविभागीय अभियंत्याला पत्र लिहा, प्रत तहसीलदारांना आणि पोलिसांना. पत्रात 'पर्यटकांचा त्रास' असं मोघम लिहू नका. तारीख, वार, किती तंबू, किती गाड्या, कुठल्या हद्दीच्या दगडापासून किती अंतरावर, आणि सोबत फोटो. बुडून मेल्याची घटना झाली असेल तर ती पहिल्या ओळीत. स्पीकरसाठी वेगळा कायदा शोधायची गरज नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि ते बघायचं काम पोलिसांचं. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचं कलम ८५ आहेच. पावसाळ्यात धरणं-धबधब्यांवर जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. तुमचं धरण त्या यादीत नसेल तर मे महिन्यात पत्र द्या, जुलैत नको.

सुटे पर्यटक आणि तंबूचा धंदा करणारे यांच्यात फरक करा. तीस-चाळीस तंबू एका रंगाचे, एका ओळीत असतील तर ते कुणाचे तरी आहेत. कुणीतरी पुण्या-मुंबईत जाहिरात करतो, माणशी हजार-बाराशे घेतो, बार्बेक्यू देतो आणि सरकारी जमीन फुकट वापरतो. अतिक्रमण म्हणून कारवाई करायची तर पहिली नोटीस त्याला, आणि जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती वापराचा दंडही त्याच्याचकडून. पण त्याआधी एक नाजूक चौकशी करा. तंबू कुणाचे? गावातल्याच कुणाचे? पंचायतीतल्या कुणाचे, किंवा त्यांच्या भावाचे? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, आणि २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणातल्या वाट्यापर्यंत नेलं. तुमच्या ठरावावर सात सह्या आहेत म्हणता. त्या सातांपैकी एकाच्या मेव्हण्याचे तंबू निघाले तर ठराव कुठे जाईल ते सांगायला नको. हे वाचून तुम्ही हसला असाल तर उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

पालांचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. आणि इथे माझी स्वतःची चूक आधी सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, माझी ग्रामसेवक म्हणून दुसरी नेमणूक. गायरानात सात पालं. गावात दोन बकऱ्या चोरीला गेल्या, पालांवर संशय, ग्रामसभा तापली. ठराव झाला, मीच लिहिला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर, पंचायतीचा शिपाई आणि दहा-बारा पोरं घेऊन गेलो. माणसं कामाला गेलेली, पालांवर बाया आणि म्हातारे. दोन तासांत माळ साफ. सामान समाजमंदिरात आणून पंचनामा केला, तो मला अजून पाठ आहे: पितळी हंडा एक, परात दोन, गोधड्या अकरा, कंदील तीन, कोंबड्या सहा. कोंबड्यांचं काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. शिपाई रोज त्यांना ज्वारी टाकायचा. चौथ्या दिवशी एकीने अंडं घातलं तर तो मला विचारायला आला, साहेब, हे कुठल्या रजिस्टरला घ्यायचं?

नवव्या दिवशी तहसीलदारांनी बोलावलं. एकच प्रश्न: परवानगीचं पत्र कुठाय? पत्र नव्हतंच. वरून कळलं की आम्ही ज्या तुकड्यावरून पालं उठवली त्यातला अर्धा भाग आमच्या गायरानात नव्हताच, शेजारच्या गटात होता. सामान परत करायचा आदेश झाला. एक बाई हंडा न्यायला आली. तिने तो उलटा केला आणि बुडावरून बोट फिरवलं. ट्रॅक्टरमध्ये टाकताना पोचा आला होता. ती काही बोलली नाही. माझ्या पंचनाम्यात 'पोचा नाही' असंही लिहिलेलं नव्हतं आणि 'पोचा आहे' असंही. बकऱ्या पुढे शेजारच्या वाडीत सापडल्या. पालं कुठे गेली? ओढ्यापलीकडच्या गावच्या गायरानात, एक किलोमीटरवर. आठवड्याने तिथली ग्रामसभा तापली.

तेव्हापासून पालाची तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो: ही माणसं इथे कशासाठी आलीत? दिवाळीपासून आलीत म्हणता, तेव्हा तीन शक्यता दिसतात. घोडी, कुत्री आणि मेंढरं असतील तर तो धनगरांचा वाडा. पाऊस सरला की हे मेंढपाळ कोकणाकडे नाहीतर चाऱ्याकडे निघतात, आणि वाटेत शेतकरीच त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंडीखतासाठी धान्य नाहीतर पैसे देतात. तुमच्या ग्रामसभेत हात वर केलेल्यांपैकी कुणी यंदा मेंढरं बसवलीत का, ते बघा. तसं असेल तर हे अतिक्रमण म्हणून लढवायचं प्रकरण नाही, वाडा पंधरा दिवसांत आपणच हलतो. वाटेतलं वन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क नोंदलेला आहे, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी शक्यता, कुणीतरी आणलेले मजूर. वीटभट्टी, कोळसा, ऊसतोड, धरणातल्या मासेमारीचा ठेका. दिवाळीनंतर येतात, पाऊस लागायच्या आत जातात. इथे नोटीस पालाला देण्यापेक्षा ठेकेदाराला बोलवा. राहण्याची सोय करायची जबाबदारी त्याची. त्याने ती गावच्या गायरानावर ढकललेली असते. एका बैठकीत सुटतो असा हा प्रश्न आहे, फक्त ठेकेदार गावातलाच वजनदार माणूस असला की बैठक भरत नाही.

तिसरी शक्यता, भिक्षा मागणारे, खेळ करणारे, जडीबुटी विकणारे, भांडी-सुया विकणारे. ज्यांना गाव 'कुठले कोण जाणे' म्हणतं ते हेच. यांच्या बाबतीत घाई जीवावर बेतू शकते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला काय झालं ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि जमावाने पाचही जणांना ठेचून मारलं. पोटासाठी गावोगाव हिंडणारी माणसं होती ती. तुमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालांचे फोटो फिरत असतील तर ते आजच थांबवा. ही सूचना मी कायद्याच्या आधी करतोय. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, आणि गावाच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

म्हणून करायचं काय, तर पोलीस पाटलांना सोबत घेऊन दिवसाउजेडी पालांवर जा. कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ गाव, माणसं किती, मुलं किती, किती दिवस राहणार, एवढं विचारून लिहून घ्या. आधार दाखवलं तर नंबर बघा, कागद काढून घेऊ नका. जात विचारायला संकोच वाटेल, पण कायद्याच्या दृष्टीने ते कळणं गरजेचं आहे: फासेपारधी, कातकरी अशा अनुसूचित जमातींतले लोक असतील आणि गावाने त्यांना बळाने हुसकलं तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू शकतो. त्या कायद्यात राहत्या जागेतून निघून जायला भाग पाडणं हा गुन्हा आहे. सरकारी कर्तव्य म्हणून रीतसर केलेल्या कारवाईला त्यातून सूट आहे. तुमचा ट्रॅक्टर रीतसर आहे का, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन ठेपतो.

मुलं शाळेच्या वयाची असतील तर मुख्याध्यापकांना सांगा, शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. लहानगी असतील तर अंगणवाडी. हे सांगितलं की काही सदस्य म्हणतात, सोयी दिल्या की ती कायमची बसतील. माझा अनुभव उलटा नाही आणि सुलटाही नाही. ज्यांना जायचं असतं ते जातात. ज्यांना जायला कुठेच नाही त्यांना दर महिन्याला उठवलं तरी ती याच तालुक्यात फिरत राहतात. अशा कुटुंबांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, विमुक्त-भटक्यांना कुटुंबामागे पाच गुंठे जागा आणि घर. मिळायला वेळ लागतो, कागद लागतात, आणि नेमके तेच यांच्याकडे नसतात. पण इतर मागास बहुजन कल्याण विभागाला पत्र पंचायतीनेच लिहायचं असतं, आणि ते लिहिलेलं असलं तर पुढे उठवायची वेळ आली तरी तुमची फाईल वेगळी दिसते.

आणि समजा चौकशीअंती उठवायचंच ठरलं. पालं शाळेच्या भिंतीला लागून आहेत, विहिरीच्या कडेला आहेत, किंवा मुदत देऊनही हलत नाहीत. तर तहसीलदारांकडे अर्ज, मोजणीचा नकाशा, पंचनामा, नावानिशी लेखी नोटीस, वाचून दाखवल्याची नोंद, मुदत, आणि म्हणणं मांडायची संधी. मुंबईच्या पदपथांवरच्या झोपड्यांबद्दलचा १९८५ चा ओल्गा टेलिस खटला वकील मंडळी दोन्ही बाजूंनी वापरतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर राहायचा हक्क कुणाला दिला नाही. पण सुनावणी हा नियम आणि नोटीसीशिवाय कारवाई हा अपवाद, असं धरलं, आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कुणाला हलवू नका असंही सांगितलं. पावसाळ्याचा हा मुद्दा मी नोकरीत कायम पाळला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाल उठवायच्या कागदावर मी सही केली नाही, साहेब चिडले तरी.

आता कुणीतरी तुम्हाला म्हणेल की नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात पंधरा दिवसांची नोटीस आहे, पण ती रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग आणि नदी-जलाशयालगतच्या अनधिकृत बांधकामांना लागू नाही, तेव्हा धरणाकाठी मोकळं रान. हा अर्थ ओढून काढलेला आहे. तो निकाल बांधकामं पाडण्याबद्दलचा आहे. तुमची पालं वरच्या माळावर आहेत. आणि नोटीस न देता कारवाई करून आठ दिवस वाचले तरी ते पुढे तारखांना जातात.

गायरान मोकळं ठेवायचं या तुमच्या मूळ हेतूवर मात्र माझा आक्षेप नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, आणि त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या शासनाने गायरानाबाबत कडक निर्णय काढला. त्याच कारणाने गायरानावर पंचायतीची स्वतःची कॅम्प साईट उघडायची कल्पना कुणी मांडली, आणि कुणीतरी मांडणारच, तर ती तिथेच थांबवा. गुरांची जमीन म्हणून पालं उठवायची आणि तिथेच तंबूंना जागा विकायची, हे तहसीलदारांनाही दिसेल आणि गुराख्यांनाही.

तर ठराव रद्द करू नका, पुढच्या सभेत दुरुस्त करून घ्या. दंडाची ओळ काढा. त्याऐवजी पंचायतीच्या अमुक मोकळ्या जागेवर तात्पुरत्या मुक्कामाची फी बसवण्याचा प्रस्ताव, कलम १२४ आणि १९६० च्या नियमांप्रमाणे, आणि गायरानात तंबूला मनाई असल्याचे फलक. तंबूचा धंदा करणाऱ्यांविरुद्ध तहसीलदार आणि पाटबंधारे खात्याकडे नावानिशी तक्रार. पालांसाठी 'आठ दिवसांत उठवणे' याऐवजी 'पोलीस पाटील व ग्राम महसूल अधिकारी यांच्यासह पाहणी करून अहवाल'. आणि मोजणी. यातली मोजणी पहिली करा.

बरंचसं तुमच्या सातबारावर अवलंबून आहे. जमीन खरोखर पंचायतीकडे निहित निघाली तर परवानगीची पायरी गळते आणि तुमचं काम निम्मं होतं. वन निघालं तर तुमचं काम जवळजवळ संपतं आणि वनखात्याचं सुरू होतं. उतारा काढलात की कब्जेदार आणि इतर हक्क हे दोन रकाने जसेच्या तसे इथे लिहा, गट नंबर लिहिला नाहीत तरी चालेल. आणि पालांवर मेंढरं आहेत की नाहीत, तेही.